व्हेनिसचे मणी आणि क्रो लोकांचा पिसांचा टोप: एका प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकेच्या माँटाना राज्यातल्या क्रो या मूलनिवासी जमातीच्या पिसांच्या टोपावरचा माझा लेख वाचून तुम्ही रोखठोक विचारलंत: मणी युरोपातले, लाल कापड इंग्लंडचं, आतली टोपी म्हणजे गोऱ्यांची जुनी फेल्ट हॅट, मग यात पारंपरिक काय उरलं? शिवाय ‘एका टोपीसाठी’ गरुड मारणाऱ्यांचं एवढं कौतुक कशाला?

साहित्याबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. व्हेनिसचे मणी आणि इंग्लंडमधल्या स्ट्राउडची लाल लोकर व्यापाऱ्यांमार्फतच तिथे पोचली. पण येवल्याच्या पैठणीचं रेशीम बंगळूरहून आणि जरतार सुरतेहून येते म्हणून तिला आपण उसनी म्हणत नाही. व्यापाऱ्याकडे रंग पुष्कळ होते. त्यातून क्रो बायकांनी फिकट निळा आणि गुलाबी-जांभळा उचलला, आकृत्यांना पांढऱ्या मण्यांची किनार दिली. ही निवड त्यांची स्वतःची आहे.

आणि खरं कसब तर मण्यांच्या पुढेच सुरू होतं. सोनेरी गरुडाच्या पिल्लावस्थेतली शेपटीची पिसं पांढरी, टोकाला काळी असतात. त्यांचा बाक डावा-उजवा वेगळा, म्हणून ती आधी बाजूप्रमाणे लावून घ्यायची. प्रत्येक देठाच्या बुडाशी फास करायचा, त्यावर लाल लोकर गुंडाळायची, खाली मऊ लव बांधायची, टोकाला घोड्याचे केस चिकटवायचे. मग टोपीच्या कडेच्या भोकांतून वादी ओवून पिसं बसवायची. एवढं करूनही ती नुसती लोंबतात! दुसरा बारीक दोर प्रत्येक देठाच्या मध्यावरून ओवला की त्याच्या ताणावर घेर उभा राहतो. ताण जास्त झाला तर पिसं मिटतात, कमी झाला तर विस्कटतात. नीट जमलं तर घोडा दौडतानाही प्रत्येक पीस सुटं हलतं आणि रांग मोडत नाही. हे करणाऱ्या हातांना मी कारागीर म्हणतो, आणि म्हणत राहणार.

‘एका टोपीसाठी’ हे शब्द मात्र मला लागले. गरुडाच्या शेपटीत पिसं १२. ३० पिसांच्या टोपाला निदान ३ पक्षी लागतात. इतकी दुर्मीळ वस्तू हौसेने घालायची नव्हतीच. समाजाने मानलेल्या पराक्रमावर तिचा अधिकार मिळे. क्रो जमातीचे जोसेफ मेडिसिन क्रो दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत लढले: शत्रूला स्पर्श करणं, त्याचं शस्त्र हिसकावणं, तुकडीचं नेतृत्व, घोडे पळवणं, क्रो परंपरेत पराक्रमाची मानलेली ही चारही कामं त्यांनी तिथे केली. परतल्यावर जाणत्यांनी त्यांना युद्धनायक मानलं. त्याआधी, नोव्हेंबर १९२१ मध्ये, क्रो प्रमुख प्लेंटी कूज यांनी वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन या लष्करी दफनभूमीत अज्ञात सैनिकाच्या थडग्यावर आपला टोप आणि पराक्रमाची काठी ठेवली. त्या सैनिकाचा वंश कुणालाच माहीत नव्हता, तरी आपल्याकडचा सर्वांत मोठा मान त्यांनी त्याला दिला.

गरुडांची काळजी मलाही आहे. अमेरिकेत १९४० पासून टकल्या गरुडाला आणि १९६२ पासून सोनेरी गरुडालाही कायद्याचं संरक्षण आहे. मेलेले सापडलेले गरुड डेन्व्हरजवळच्या सरकारी भांडारात जमा होतात, आणि मान्यताप्राप्त जमातींचे नोंदणीकृत सदस्य तिथे पिसांसाठी अर्ज करतात. सोनेरी गरुडाच्या पिल्लाच्या पिसांना मागणी सर्वांत जास्त. त्यासाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात.