पाकिस्तान आपण फोडला?

१६ डिसेंबर, म्हणजे १९७१ च्या युद्धातल्या विजयाचा दिवस, जवळ आला की तो मेसेज फिरायला लागतो. त्याचं सार असं: पाकिस्तान भारताने फोडला, बंगाल्यांचा नेता मुजीब पहिल्यापासून आपलाच माणूस होता, बंगाल्यांची तक्रार फक्त भाषेची होती आणि पूर्व पाकिस्तानची, म्हणजे आजच्या बांगलादेशची, गरिबी म्हणाल तर ती पूर-वादळांमुळे, त्यात पश्चिमेचा काय दोष? शेवटचे दोन मुद्दे तर रावळपिंडीच्या सेनापतींनाही आवडले असते. अभिमानाच्या भरात आपण तेही फॉरवर्ड करतो.

गरिबीपासूनच सुरुवात करू, कारण भांडण मुळात पैशाचं होतं. १९५० च्या दशकात पाकिस्तानला परकीय चलन मिळवून देणारा सर्वांत मोठा माल म्हणजे पूर्व बंगालचा ताग. पण ते चलन जमा व्हायचं केंद्राकडे, आयातीचे परवाने द्यायचं केंद्र आणि केंद्र होतं कराचीत, पुढे इस्लामाबादला. कारखाने, धरणं, लष्कराची मुख्यालयं बहुतेक पश्चिमेला. लोकसंख्या निम्म्याहून जास्त पूर्वेची, सैन्यात मात्र बंगाली नावापुरते. १९७० मध्ये पाकिस्तान सरकारच्याच नियोजन सल्लागारांनी आकडे मांडले. १९५९-६० मध्ये पश्चिमेचं दरडोई उत्पन्न पूर्वेपेक्षा ३२ टक्क्यांनी जास्त होतं. १९६९-७० मध्ये ते ६१ टक्क्यांनी जास्त झालं. आणि जवळपास हीच दहा वर्षं तेव्हाचे लष्करशहा अयूब खान यांनी 'विकासाचं दशक' म्हणून वाजतगाजत साजरी केली! ही तफावत दूर करू, असं त्यांच्याच १९६२ च्या राज्यघटनेत लिहिलेलं होतं. पूर बंगालला नवे नव्हते. दहा वर्षांत दरी जवळपास दुप्पट कशी झाली, याचं उत्तर पुरात सापडत नाही.

भाषेचा मुद्दा खोटा नाही, अपुरा आहे. जिनांनी १९४८ मध्ये ढाक्यात उर्दूच राष्ट्रभाषा होईल असं बजावलं, २१ फेब्रुवारी १९५२ ला विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, हे सगळं खरंच. पण १९५६ च्या घटनेने बांग्लालाही राष्ट्रभाषेचा दर्जा दिला. भांडण तेवढंच असतं तर तिथे मिटलं असतं. मुजीबुर रहमान यांनी १९६६ मध्ये लाहोरात मांडलेला सहा कलमी कार्यक्रम वाचून बघा, त्यात भाषेचं कलमच नाही. करवसुली प्रांतांकडे, परकीय चलनाची खाती वेगळी, चलन वेगळं किंवा निदान पूर्वेचं भांडवल पश्चिमेकडे जाऊ नये अशी तजवीज. शिवाय प्रांताचं स्वतःचं निमलष्करी दल; कारण १९६५ च्या युद्धात पूर्व भाग जवळजवळ उघडा पडला होता.

मुजीब भारताचा माणूस? भारताशी संगनमत करून पूर्व पाकिस्तान तोडण्याचा कट रचल्याचा मुजीब आणि इतरांवरचा आगरतळा खटला इथे हमखास पुढे केला जातो. काही जणांनी त्रिपुरातल्या आगरतळ्यात भारताशी संपर्क साधला होता, हे आरोपींपैकी एकाने पुढे जाहीरपणे मान्यही केलं. पण मग १९७० ची निवडणूक कुठे बसवायची? ती याह्या खान यांच्या लष्करी राजवटीने, तिच्याच नियमांनी घेतली. पूर्वेच्या १६२ जागांपैकी १६० मुजीबच्या अवामी लीगला मिळाल्या, म्हणजे ३०० च्या सभागृहात स्पष्ट बहुमत. जानेवारी १९७१ मध्ये खुद्द याह्यांनी मुजीबना देशाचे भावी पंतप्रधान म्हटलं. अख्ख्या पाकिस्तानची सत्ता समोर असताना माणूस आधी देश कशाला तोडेल? १ मार्चला नव्या सभागृहाचं अधिवेशन पुढे ढकललं गेलं, ढाका रस्त्यावर उतरलं, बोलणी फिसकटली आणि २५ मार्चच्या रात्री सैन्य विद्यापीठात शिरलं.

नुसत्या तफावतीने यादवी होते, असंही मला म्हणायचं नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या अनुशेषावर आपण किती वर्षं भांडतोय. पण ते भांडण विधानसभेत मांडता येतं. तिथे सभागृह भरूच दिलं नाही.

आता 'आपण फोडला'. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात प्रतिकार केला तो राजारबागच्या बंगाली पोलिसांनी आणि ईस्ट पाकिस्तान रायफल्सच्या जवानांनी. चितगावात पाकिस्तानी सैन्यातल्याच ईस्ट बंगाल रेजिमेंटने बंड केलं. भारताचं सैन्य उघड युद्धात उतरलं डिसेंबरमध्ये. दरम्यान सुमारे एक कोटी निर्वासित इकडे आले, मुक्तिवाहिनीला, म्हणजे बंगाली बंडखोरांच्या दलाला, आपण प्रशिक्षण दिलं, शस्त्रं दिली, आणि तेरा दिवसांत ९३ हजारांची शरणागती घेतली. याचं श्रेय कोणी नाकारत नाही. पण तो शेवटचा घाव होता. १९७० च्या निकालात अवामी लीगला पश्चिमेत एकही जागा नव्हती, पश्चिमेतला मोठा पक्ष असलेल्या भुत्तोंच्या पक्षाला पूर्वेत एकही नव्हती. भुत्तोंनी तिथे उमेदवारच उभे केले नव्हते. हा निकाल आपले रणगाडे सीमेपार जाण्याच्या वर्षभर आधीचा आहे.