दहावीच्या टक्केवारीची यादी आणि आपलं हायस्कूल

दहावीचा निकाल लागला की सिंधुदुर्गात तालुक्या-तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक यादी फिरायला लागते. तालुक्यातली सगळी हायस्कुलं, प्रत्येकापुढे टक्के, वर ‘शंभर नंबरी’ आणि तळाला ‘मागे पडलेली’. सोबतचा मजकूरही ठरलेला: 100 टक्के निकाल म्हणजे चांगली शाळा, तळातल्या शाळेत कोणी शिकवत नाही, कोकण दरवर्षी राज्यात पहिलं म्हणजे आपल्या वरच्या शाळा राज्यात भारी, तेव्हा वेळीच मुलाचा दाखला काढा. आकडे बहुधा खरे असतात. निष्कर्ष मात्र एकही टिकत नाही.

‘100 टक्के म्हणजे चांगली शाळा.’ समजा, एका हायस्कुलात दहावीला 14 मुलं आहेत. एक मुलगा गणितात गेला की निकाल 92.86. बाजारपेठेतल्या शाळेत 120 पैकी तिघे नापास झाले तरी 97.50. तीन नापासवाली शाळा वर, एकवाली खाली! पुढच्या वर्षी तेच शिक्षक, तेच वर्ग, आणि छोटी शाळा ‘शंभर नंबरी’ होते. पटसंख्या न देता टक्के छापणं म्हणजे वाचणाऱ्याला फसवणंच.

शिवाय हे टक्के फक्त उत्तीर्णांचे. बोर्डाच्या शाळानिहाय निकालात रकाने असतात: नोंदणी किती, परीक्षेला बसले किती, विशेष प्राविण्य, प्रथम श्रेणी, द्वितीय श्रेणी, नुसते उत्तीर्ण, आणि शेवटी टक्केवारी. यादी करणारा शेवटचा रकाना तेवढा उचलतो. 40 पैकी 40 पास, त्यातले 25 पस्तीस ते पंचेचाळीसच्या मध्ये, ही शाळा 100 टक्के. 40 पैकी 38 पास, त्यातले 20 पंचाहत्तरच्या वर, ही 95 टक्के. मुलगी कुठे घालाल?

हेच मोठ्या पटावर बघायचं तर लातूर विभाग घ्या. 2024 मध्ये राज्यात 187 मुलांना 100 टक्के गुण मिळाले, त्यातली 123 लातूर विभागातली. त्याच वर्षी लातूरचा निकाल 95.27, म्हणजे राज्याच्या 95.81 पेक्षा कमी. लातूर पुढे की मागे, हे तुम्ही कोणता रकाना वाचता त्यावर.

आता ज्या मुलांची नावं त्या तक्त्यात येतच नाहीत, त्यांच्याबद्दल. टक्केवारी बसलेल्यांवर काढतात. नववीचा निकाल शाळेच्या हातात असतो. कच्च्या मुलाच्या वडिलांना बोलावून ‘ह्याचं जमणार नाही, 17 नंबरचा फॉर्म भरा’ असं सुचवलं की मूल खासगी विद्यार्थी म्हणून बसतं आणि शाळेच्या नियमित निकालातून बाहेर पडतं. सगळ्या शाळा असं करतात असं अजिबात नाही. पण जी शाळा करते तिला यादीत बढती मिळते, आणि जी कच्च्या मुलाला धरून ठेवते, दहावीला बसवते, तिला शिक्षा. ह्या यादीवरचा माझा खरा राग इथे आहे. दोन वर्षांपूर्वी आठवीत किती होते आणि त्यातले दहावीला किती बसले, एवढं विचारून बघा.

‘कोकण पहिलं.’ आहेच. 2012 पासून, म्हणजे कोल्हापूरपासून वेगळं झाल्यापासून. पण कोकण विभाग म्हणजे फक्त रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, तीस हजारांच्या आत मुलं. आणि टक्के परीक्षेच्या रचनेवरही हलतात. 2018 ला राज्याचा निकाल 89.41 होता, 2019 ला 77.10 झाला, 2020 ला 95.30. शिक्षक एका वर्षात बिघडून पुढच्या वर्षी सुधारले नाहीत. भाषांचे शाळेने द्यायचे 20 गुण मधल्या वर्षी काढले होते, ते परत आले. कोकणही तेव्हा 96 वरून 88.38 वर आलं होतं. शाळेने 20 पैकी 18 दिले की पस्तीस गाठायला 80 च्या पेपरात 17 पुरतात. 2021 ला तर परीक्षाच झाली नाही आणि निकाल 99.95!

‘तळातल्या शाळेत शिकवत नाहीत.’ एका वर्षाच्या आकड्यावरून नाही म्हणता येत. पट बऱ्यापैकी असूनही पाच वर्षं एखादी शाळा शेजारच्या शाळांच्या दहा-दहा टक्के मागे राहत असेल, तर मात्र व्यवस्थापनाला जाब विचारायलाच हवा. पहिला प्रश्न: गणित-विज्ञानाची जागा भरलेली आहे का? संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ह्याच्या सरकारी मंजुरीत, शिक्षकांची पदं पटावर ठरतात. यादी बघून दहा-बारा मुलं दाखले घेऊन गेली की इथला पट उतरतो, पद जातं, आणि मग तीच यादी पुढच्या वर्षी खरी ठरते.

राहिला दाखल्याचा सल्ला. गावातली शाळा सोडून मुलीला दूरच्या ‘शंभर नंबरी’त घालताना एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत फुकट मिळेल. पण शाळा सुटल्यावर परतीची गाडी किती वाजता आहे, आणि पावसात ती येते का, हे दाखला काढण्याआधी स्टँडवर जाऊन विचारा.