घरच्या घरी शाश्वत विकास

वसुंधरा वाचवायची म्हणून तुम्ही सायकल काढाल, पंखा बंद कराल, भाजीला कापडी पिशवी न्याल, तर फुकट दमाल. प्रगती कष्टाने होत नाही, हिशेबाने होते. देशाने हे करून दाखवलंय; तुम्ही फक्त घरी राबवायचं.

सुरुवात क्षमतेपासून करा. चिरंजीवांना घटक चाचणीत 27 टक्के पडले? वर्गशिक्षिकेला सांगा, "बाई, पोरगं हुशार आहे हो, फक्त अभ्यास करत नाही." हुशारी म्हणजे स्थापित क्षमता आणि गुण म्हणजे निर्मिती. यांची गल्लत करायची नाही. विजेच्या स्थापित क्षमतेत निम्मा वाटा सौर, पवन, जल, अणू वगैरेंचा असावा, हे 2030 चं उद्दिष्ट भारताने 2025 मध्येच गाठलं. खरंच गाठलं, आणि ही साधी गोष्ट नाही. पण तुमचा मिक्सर कशावर फिरतो ते विचारू नका. 2024-25 मध्ये देशात तयार झालेल्या दर चार युनिटांतली जवळपास तीन कोळशाची होती. सूर्य संध्याकाळी घरी जातो आणि आपण नेमके तेव्हाच घरी येऊन एसी लावतो, त्याला कोण काय करणार? त्याच वर्षी कोळशाच्या उत्पादनानेही 100 कोटी टनांचा टप्पा ओलांडला. अभिनंदन दोन्हींचं झालं. पेढा हातात पडल्यावर कशाचा म्हणून विचारणं असभ्य असतं.

मग तीव्रता. समजा, पूर्वी पगार 20 हजार होता आणि दारूवर 5 हजार जायचे. आता पगार लाख, दारूवर 15 हजार. बायकोने तोंड उघडायच्या आत कागद पुढे करा: प्रमाण 25 टक्क्यांवरून 15 वर आलं, म्हणजे पिणं 40 टक्क्यांनी घटलं! सरकारी भाषेत याला उत्सर्जन तीव्रता म्हणतात, जीडीपीच्या रुपयामागचा धूर. 2005 ते 2020 या काळात ती 36 टक्क्यांनी घटली. एकूण धूर वाढला, ते सोडा. तरीही बायको ऐकेना, तर समोरच्या बंगल्यातल्या साहेबांकडे, म्हणजे श्रीमंत देशांकडे, बोट दाखवा. ते दीडशे वर्षं पीत आलेत आणि आजही माणशी आपल्या कितीतरी पट पितात. हे मात्र शंभर टक्के खरं आहे, म्हणूनच दर वेळी कामाला येतं.

जंगल लावत बसू नका, व्याख्या लावा. वन सर्वेक्षणाच्या हिशेबात एक हेक्टर जमिनीवर दहा टक्के झाडोरा दिसला की ते वनाच्छादन. मालक कुणीही असो, झाडं कसलीही असोत. म्हणजे हापूसची बाग हेही वनच. तिथे वाघ शोधू नये, पेट्या मोजाव्यात. आणि खरंखुरं जंगल तोडावंच लागलं, तर भरपाई करा. ग्रेट निकोबार बेटावरच्या प्रकल्पात सदाहरित जंगल जाणार, बदल्यात झाडं लागणार हरियाणात. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' हा आजवर टोमणा होता, आता ते धोरण झालंय. निकोबारच्या मेगापोड पक्ष्याने रिझर्व्हेशन वेळेत करावं.

निकाल वाईट लागला तर पेपर तपासणाराच चुकला. 2022 च्या जागतिक पर्यावरण निर्देशांकात 180 देशांत भारत 180 वा आला, तेव्हा मंत्रालयाने तपासण्याची पद्धतच फेटाळली. नीती आयोगाच्या स्वतःच्या शाश्वत विकास निर्देशांकात मात्र देश 57 वरून 71 वर गेलाय. गृहपाठ घरीच तपासलेला बरा.

उधारी फेडायची तारीख किराणावाल्याला 2070 ची द्या. नेट झिरोसाठी, म्हणजे जेवढा धूर सोडू तेवढा शोषून हिशेब शून्यावर आणण्यासाठी, देशाला ती चालते, तुमच्या तूरडाळीला का चालू नये?

राहिलं वृक्षारोपण. महाराष्ट्राने 2019 च्या पावसाळ्यात 33 कोटी झाडांचा संकल्प सोडला होता. देवही तेवढेच म्हणतात, आणि दोन्हींच्या मोजणीत शंका घेऊ नये. तुम्ही एक रोप आणा, सगळ्या कुटुंबाने त्याला हात लावून फोटो काढा. फोटोत खड्डा दिसला पाहिजे. मग रोप वाळलं तरी चालेल, खड्डा तेवढा बुजवू नका. पुढच्या 1 जुलैला परत खणायचे कष्ट नकोत.