‘निफाडकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यावरच्या माझ्या लेखावर तुमच्या मुख्य हरकती दोन: फोटोत मी बेलन्स क्रेक म्हणून दाखवलेली फटाकडी (पाणथळीतला छोटा पक्षी) तिच्यासारखीच दिसणारी लिटल क्रेक असू शकते, आणि फटाकडी भर दुपारी उघड्यावर येत नाही. इथवर ठीक होतं. पण शेवटी लिहिलंत, ‘गंगापूर रोडवर बसून पक्षी ओळखणाऱ्यांनी आधी चिखलात पाय घालावा.’

मग आधी पायांचंच बोलू. माझं बालपण अभयारण्यालगतच्या खाणगाव थडीच्या मळ्यात गेलं. धरणाचं पाणी उतरलं की आजोबा गाळपेर करायचे आणि आम्ही पोरं गुडघाभर गाळातून त्यांच्या मागे. पाणकणसात सळसळ झाली की पाणकोंबडी कुठली आणि दिवड कुठली, हे पक्ष्यांचं पहिलं पुस्तक हातात पडायच्या आधी कळायचं. आता नाशिक शहरात गंगापूर रोडला राहतो, मुलांच्या शाळेपायी. हा गुन्हा असेल तर अर्धा निफाड तालुका आत टाकावा लागेल.

बरं, तुम्ही स्वतः टोपणनावाने लिहिता. तुमचे पाय कुठल्या चिखलात आहेत, हे आम्ही कुठून जाणावं? शंका घ्या, जरूर घ्या. लायकी कशाला काढता?

फोटो धूसर आहे, मान्य. पण कुशीवरचे काळे-पांढरे पट्टे पायांच्या पुढपर्यंत आलेले त्यातही दिसतात. लिटल क्रेकला ते मागच्या भागातच असतात. फोटोतल्या पक्ष्याची चोच हिरवट आहे, लिटल क्रेकसारखी मुळाशी लाल नाही. पंखांची टोकं लिटल क्रेकमध्ये लांब बाहेर येतात, हे तुमचं म्हणणं पुस्तकात आहेच. पक्षी गवतात अर्धा बुडालेला असताना ती कशी मोजायची, तेवढं पुस्तकात नाही.

दुपारचं म्हणाल तर फटाकडी लाजरी आहे, पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त हिंडते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण हिवाळ्यात आलेला हा पाहुणा, माणसाची चाहूल नसेल तर, पाणवनस्पतींच्या तरंगत्या थरावर आखूड शेपटी उडवत किडे टिपताना दिवसाही दिसतो. चाहूल लागली की दोन झुडपांमधल्या फटीतून गायब. अंगच इतकं चपटं. मोठ्याने बोलत फिरणाऱ्यांना तो दिसत नसेल, तर त्यात त्याचा दोष नाही.

अभयारण्याचा रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) २०१९ चाच आहे. बातमी जानेवारी २०२० मध्ये आली. बाकीच्या फुटकळ मुद्द्यांत शिरत नाही.

पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने आली तरच प्रसिद्ध करीन.