७सी पोरांचा आणि ३सी मास्तरांचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी लेखात आवडता माउथपीस (ट्रम्पेटला ओठ लावायचा सुटा तुकडा) म्हणून बाख कंपनीचा ७सी सांगितला, तो तर नव्या ट्रम्पेटच्या पेटीत येणारा, शिकाऊ पोरांचा, खरे वाजवणारे ३सी नाहीतर दीड सी लावतात, आणि आकडे मी उलटे लिहिले, म्हणजे मला यातलं कळत नाही.

आकड्यांची चूक माझीच. आकडा मोठा तसा कप, म्हणजे ओठ टेकतात ती वाटी, मोठा, असं मी लिहून बसलो. यामाहा कंपनीचं ते खरं; बाखचं नेमकं उलटं, आकडा लहान तितका व्यास मोठा. कपाची खोली सांगणाऱ्या अक्षरांतही तोच घोळ: बाखचा ए सगळ्यात खोल, यामाहाचा ए उथळ. व्हिन्सेंट बाखनं न्यूयॉर्कला माउथपीस करायला घेतले १९१८मध्ये, आणि इथे आम्ही अजून त्याच्या आकड्यांत ठेचकाळतोय. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण ‘पोरांचा’ हे काही पटलं नाही. बाखच्या तक्त्यात ७सीचा आतला व्यास १६.२० मिलिमीटर आहे आणि ३सीचा १६.३०. मिलिमीटरचा एक दशांश! तेवढ्यानं पोरगा मास्तर होत असता तर आपण रियाज सोडून मोजपट्टीच घेतली असती. ओठाला कळतो तो कपाचा काठ. काठ रुंद असला की दाब पसरतो, ओठ जास्त वेळ टिकतो, पण या सुरावरून त्या सुरावर उडी मारणं जड जातं. आतली कड धारदार असली की सूर पटकन लागतो. मात्र तासाभरानं तीच कड चावायला लागते.

आणि दीड सी मी लावून बघितला नाही असं समजू नका. व्यास १७ मिलिमीटर. जुळे सोलापुरातल्या माझ्या खोलीत त्याचा आवाज इतका भरदार लागला, की शेजारच्या काकूंनी पहिल्यांदाच दार वाजवलं नाही. मग आली मे महिन्यातली वरात. सहा वाजून गेले तरी रस्ता धग सोडत नव्हता. आतली हवा तापली की सूर वर चढतो, म्हणून ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) बरीच बाहेर ओढलेली. कानाशी हलगी. त्यात प्रत्येक खड्ड्याला माउथपीस दातावर आपटतो (आपले रस्ते तुम्हाला माहीत आहेत). दीड तासात वरचे सूर गेले. मांडवाच्या दारात, सगळे मोबाइल वर धरून उभे असताना, मी नुसते गाल फुगवत होतो. लाज राखली ती क्लॅरिनेटवाल्यानं. रात्री पंगतीत भाकरीबरोबर शेंगाचटणी आली. सुजलेल्या ओठाला ती लागली आणि डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या दिवशी ७सी परत लावला.

दीड सी वाईट नाही. हॉलमध्ये बसून वाजवणाऱ्याला, रोज लांब सुरांचा रियाज असणाऱ्याला तो गोड लागेल. मी महिना-महिना रियाज बुडवून लग्नसराईत उतरणारा माणूस. दुकानात पाच मिनिटं फुंकून कुठलाही माउथपीस आवडतो हो. मी त्याला वरातीच्या शेवटच्या अर्ध्या तासावर मोजतो.

तुमची शेवटची ओळ मात्र सगळ्यात मोलाची होती: ‘आधी तो वाद्यात नीट बसतो का ते बघा.’ हे मी लिहायलाच हवं होतं. माझा पहिला माउथपीस कॉर्नेटचा, म्हणजे ट्रम्पेटसारख्याच दुसऱ्या वाद्याचा, निघाला. त्याची वाद्यात बसणारी दांडी ट्रम्पेटच्या माउथपीसपेक्षा बारीक असते. कागदाची पट्टी गुंडाळून मी तो दोन हंगाम वाजवला आणि सूर ठरत नाहीत म्हणून स्वतःच्या ओठांना शिव्या घातल्या.

तुम्ही सोलापूरचेच दिसता. एखाद्या रविवारी सकाळी भेटू. तुम्ही ३सी आणा, मी ७सी आणतो. बाळीवेशीतून सिद्धेश्वर मंदिरापर्यंत जाऊन-येऊन, चालत वाजवायचं. बसायचं नाही.