पोटकुळांचं काय झालं?

जर्मन शेतकऱ्यांवरचा तुमचा लेख आवडला. पण वायव्य जर्मनीतल्या ओस्नाब्रूककडच्या वाडीबद्दल, म्हणजे एकेका घराच्या शेतीवाडीबद्दल, लिहिताना '१८३३ च्या हॅनोव्हरच्या कायद्याने शेतकरी मोकळे झाले' इथेच तुम्ही थांबलात. जमीनदाराच्या बंधनातून मोकळे झाले ते वाडीचे धनी, तेही जमीनदाराला मोबदला मोजून. त्यांच्या आवारात खोपटं भाड्याने घेऊन राहणारे हॉयरलिंग, म्हणजे आपल्या भाषेत पोटकुळं, त्यांचा व्यवहार जमीनदाराशी नव्हताच, धन्याशी होता. भाडं द्यायचं आणि वर हाक आली की स्वतःचं वावर तसंच सोडून त्याच्या शेतावर राबायचं. वाडी अखंड एकाच वारसाला जायची, त्यामुळे पुष्कळदा हे पोटकूळ म्हणजे धन्याचाच सख्खा भाऊ!

उन्हाळ्यात गवत कापायला नि पीट (दलदलीतली जळणाची माती) खणायला चालत हॉलंड गाठायचं, हिवाळ्यात घरी जवसाचं सूत कातायचं. गिरणीच्या कापडापुढे ते सूत टिकलं नाही. सामायिक गायरानंही वाटली गेली, पण मिळाली जमीनवाल्यांनाच. मग घरंच्या घरं अमेरिकेला गेली.

बाकी, वंशावळ शोधणाऱ्यांनी आडनावावर विसंबू नये. त्या भागात घरजावई वाडीचं नाव लावायचा.