डिस्पॅचची नोंद पथकाच्या स्वतःच्या हातात असावी

आपत्तीत धावून जाणाऱ्या स्वयंसेवी पथकांकडे प्रशिक्षित माणसे असतात, दोर, स्ट्रेचर आणि वायरलेस संच असतात. मात्र कोणत्या कॉलवर कोण निघाले, केव्हा पोहोचले आणि केव्हा मोकळे झाले, याची म्हणजेच डिस्पॅचची नोंद बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये विखुरलेली असते. घटना एकच असेल तर तेवढ्यावर निभावते. तीन ठिकाणांहून एकदम कॉल आले की ‘मी निघालो’ हा निरोप कोणत्या घटनेसाठी आहे हे कळेनासे होते, आणि एका जागी दोन पथके पोहोचत असताना दुसरीकडे कोणीच गेलेले नसते.

अशा पथकांनी मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही पाहता येतो असे, डिस्पॅच सॉफ्टवेअर वापरावे, असे माझे ठाम मत आहे. उदाहरणार्थ, ‘टिकेट्स कॅड’ हे पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांवर चालते आणि ब्राउझरमध्ये उघडते. घटना नोंदवायची, नकाशावर तिची जागा दाखवायची, मोकळे पथक तिच्यावर नेमायचे. त्यानंतर पथकाची स्थिती बदलेल तशी वेळेसह नोंद होत जाते. ‘रेसग्रिड’ या अशाच सॉफ्टवेअरचा कोडही खुला आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेतील स्वयंसेवक प्रोग्रामरांनी उभारलेले ‘सहाना’ मात्र बेपत्ता व्यक्ती, छावण्या आणि मदतसाहित्य यांच्या व्यवस्थापनासाठी आहे. त्याच्याकडून डिस्पॅचची अपेक्षा ठेवू नये.

परवाना शुल्क लागत नाही हा फायदा मला दुय्यम वाटतो. सर्व्हर, बॅटरी आणि माणसांचा वेळ यांचा खर्च टळत नाहीच. खरे महत्त्व याचे आहे की यंत्रणा पथकाच्या स्वतःच्या लॅपटॉपवर, इंटरनेट बंद असतानाही स्थानिक नेटवर्कवर चालवता येते (ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशासंग्रहाचे नकाशे त्यासाठी आधीच उतरवून ठेवावे लागतात), आणि आत काय चालले आहे हे उघडून तपासता येते.

ही तपासणी किती मोलाची असते, हे लंडनच्या रुग्णवाहिका सेवेच्या अनुभवावरून कळते. तेथे २६ ऑक्टोबर १९९२ रोजी नवी संगणकीकृत यंत्रणा पूर्णपणे सुरू झाली. वाहनांच्या ठिकाणांची माहिती चुकत गेली, त्यामुळे नेमणुका चुकल्या, उशीर झाल्याने लोक पुन्हा पुन्हा फोन करू लागले आणि त्या फोनांचाही भार यंत्रणेवर पडला. पुढे ४ नोव्हेंबरला ती ठप्पच झाली. प्रत्येक वेळी वाहन रवाना करताना सर्व्हरची थोडी मेमरी अडकून राहत होती आणि ती कधीच मोकळी होत नव्हती, एवढीच ती चूक होती. राखीव सर्व्हरनेही काम उचलले नाही. शेवटी कर्मचाऱ्यांना कागदावर यावे लागले. कोड खुला असता तर हे नक्कीच टळले असते, असे मी म्हणणार नाही, कारण खुला कोडही कोणीतरी वाचावा लागतो आणि भाराखाली चालवून पाहावा लागतो. मात्र बंद कोडच्या यंत्रणेत ती संधीच पथकाला मिळत नाही.

‘रात्री दोन वाजता बिघाड झाला तर फोन कोणाला करायचा?’ हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पथकात किमान दोन माणसांनी ही जबाबदारी स्वीकारलेली नसेल, तर सॉफ्टवेअर बसवूच नये. अद्यतने वेळेवर करणे, बॅकअप घेणे आणि तो पुन्हा उभा राहतो का हे पाहणे, जुन्या सदस्यांची खाती बंद करणे, ही कामे कंटाळवाणी असली तरी टाळता येत नाहीत. या नोंदींमध्ये जखमी माणसांची नावे, पत्ते आणि फोन क्रमांक असतात. म्हणून सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवणे मला अक्षम्य वाटते.

प्रत्येक सरावात काही वेळ संगणक मुद्दाम बंद करावा आणि पडद्यावर असतात तेच रकाने असलेल्या छापील अर्जांवर काम चालू ठेवावे. यंत्रणा परतल्यावर त्या नोंदी एकाच व्यक्तीने मूळ वेळांसह भराव्यात, आणि त्या भरून होईपर्यंत नव्या नेमणुका कागदावरूनच कराव्यात.